थेल्मा पिलिंगची भिशी आणि वॉल्टरची कॅलेंडरं

शनिवारी सकाळी दहाला थेल्मा पिलिंगची थाप दारावर पडली नाही, तर हॅलम स्ट्रीटवरचे लोक आधी आपलं घड्याळ कानाला लावून बघत, मग तिची काळजी करत. बावीस वर्षं तिने ही फेरी घातली. काखेत लाल पुठ्ठ्याची वही आणि कोटाच्या खिशात दोन पेनं. एक लिहायला आणि दुसरं, पहिलं ऐन वेळी अडलं तर. घरं एकोणीस. कुणी दोन पौंड हातावर ठेवी, कुणी पाच. ती वहीत आकडा टाकी, त्या माणसाच्या कार्डावर सही ठोकी आणि पुढच्या दाराशी जाई. आमच्या बर्नली गावात याला डिडलम म्हणतात. आपली भिशीच ती, फक्त हिच्यात नंबर लागत नाही. वर्षभर साठवायचं आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ज्याचं त्याला मोजून द्यायचं, म्हणजे नाताळची टर्की आणि नातवंडांची खेळणी उसनवारीवर आणावी लागत नाहीत.

बावीस वर्षांत एका पेनीचा घोळ नाही. थेल्माला या गोष्टीचा केवढा अभिमान! तशी बाई बढाईखोर नव्हती. आपल्या बेकनच्या पावांची तारीफ झाली तर म्हणायची, डुकराने मेहनत घेतली, मी काय केलं. पण वहीचा विषय निघाला की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

या गल्लीत तिच्यावर विश्वास न ठेवणारा माणूस एकच, तो म्हणजे शेवटच्या घरातला वॉल्टर ऑग्डेन. कापडगिरणीत चाळीस वर्षं जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणून काढलेला गडी. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण त्याची नजर अजून तुटलेला धागा शोधत असे. पैसे द्यायचा पाचच पौंड, पण ते देताना असं तोंड करायचा जणू दाढ काढून देतोय. शिवाय शनिवारी दुपारी क्लबात बिअरचा ग्लास पुढे घेऊन बसला की येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, आज किती घातलेस रे? घरी जाऊन खाटकाकडून फुकट मिळालेल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत सगळ्यांची बेरीज लिहून ठेवायचा. कधीतरी ही बाई सापडेल, या एका आशेवर. बरं, भिशी सोडून जा म्हटलं तर तेही नाही.

२००६ साली एकदा त्याला वाटलं, सापडली. वाटपाच्या दिवशी चारचौघांत उभा राहून म्हणाला की सप्टेंबरात एक पौंड कमी भरतोय. थेल्माने शांतपणे वही उघडली आणि बोट ठेवलं. त्या शनिवारी ग्लेनिस बार्न्सने तीनऐवजी दोन पौंड दिले होते. ग्लेनिसलाही आठवलं, कुत्र्याला डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं. सगळे हसले. वॉल्टर मात्र चूक कबूल न करता टोपी घालून निघून गेला. त्यानंतर बारा वर्षं दर नाताळला कुणी ना कुणी विचारायचंच, "काय वॉल्टर, पौंड मिळाला का?" आणि वॉल्टर टोपी डोळ्यांवर ओढायचा.

तर अशी ही थेल्मा. आणि हिचंच दिवाळं निघालं.

झालं असं, की कारखान्याच्या फाटकासमोर तिचं पावाचं दुकान होतं. पहाटे पाचला तवा तापायचा, पहिल्या पाळीचे दीडशे लोक दारात उभे असायचे. मग कारखाना बंद झाला. शहाण्या माणसाने दुकानही बंद केलं असतं. पण हिला वाटलं, आज ना उद्या त्या शेडमध्ये दुसरं कुणीतरी येईल. त्या उद्याची वाट बघत तिने दोन वर्षं क्रेडिट कार्डांवर दुकान चालवलं. उद्या काही आला नाही. त्यात तिचा नवरा क्लिफ, ट्रक चालवणारा धडधाकट माणूस, छातीच्या दुखण्याने खुर्चीला खिळला. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवायची, एवढंच काम त्याला झेपायचं. ते मात्र तो मन लावून करायचा. त्याच्या आजारपणाचा भत्ता आणि त्याची शुश्रूषा करते म्हणून हिचा भत्ता, यावर घर चालू लागलं. देणेकऱ्यांची पत्रं घड्याळाच्या मागे जाऊ लागली. पुढेपुढे घड्याळ इतकं पुढे सरकलं की पडायच्या बेतात आलं.

ते पडलं त्या दिवशी थेल्मा सगळी पत्रं पिशवीत भरून लायब्ररीतल्या सल्ला केंद्रात गेली. तिथे नसरीन नावाची तरुण बाई बसायची. बर्नलीतच जन्मलेली, बोलायला फटकळ, कामाला चोख. तिने पत्रांची चळत लावली आणि सांगितलं की एवढं देणं या भत्त्यातून सात जन्मांत फिटणार नाही. कायद्याने दिवाळं जाहीर करा, वर्षभरात मोकळ्या व्हाल. पण त्याआधी एक काम करायचं.

"तुमचा भत्ता ज्या बँकेत येतो, त्याच बँकेचं तुम्ही देणं लागता," नसरीन म्हणाली. "दिवाळं निघालं की ती खातं बंद करेल, आणि आत आलेला भत्ता देण्यापोटी कापून घेईल. म्हणून आधी दुसऱ्या बँकेत साधं खातं उघडा. चेकबुक नाही, उधारी नाही, नुसतं पैसे यायचे आणि जायचे. दिवाळखोरालाही असं खातं देणाऱ्या बँका आहेत. भत्ता तिकडे वळवा. आणि त्या खात्यात भत्त्याशिवाय काही म्हणजे काही ठेवू नका."

"माझ्याकडे दुसरं आहे काय ठेवायला, पोरी?" थेल्मा म्हणाली.

खातं उघडलं. नवं कार्ड आलं, त्यावर तिचं नाव. भत्ता तिकडे वळला. दिवाळं काढायचा अर्ज म्हणजे तोही फुकट नाही, सहाशे ऐंशी पौंड सरकारला मोजावे लागतात. क्लिफ म्हणाला, भिकारी ठरायलासुद्धा तिकीट आहे बघ. दुकानातलं मांसाचे काप काढायचं यंत्र थेल्माने विकलं, उरलेले आठवड्याला वीस-वीस करून भरले. सप्टेंबरात नसरीनने कॉम्प्युटरवर अर्ज भरायला घेतला तेव्हा विचारलं, आणखी कुठे तुमचे पैसे आहेत? थेल्मा म्हणाली, नाहीत. नोव्हेंबरात फी पूर्ण झाली तेव्हा नसरीनने पुन्हा विचारलं, मधे काही बदललं का? थेल्मा म्हणाली, नाही.

दोन्ही वेळा बाई खरं बोलली. निदान तिच्या हिशेबाने. कारण भिशी तिची नव्हतीच. हॅलम स्ट्रीटवर कुणीही सांगेल, ‘तुझ्याकडे पैसे आहेत का’ असं विचारलं तर भिशीवाली बाई भिशी धरून उत्तर देणार नाही. पोस्टमन आपल्या पिशवीतली पत्रं आपली म्हणेल का? पण ऑक्टोबरात काय झालं होतं, तर भिशी ज्या बचतीच्या सोसायटीत इतकी वर्षं ठेवली जायची, तिची गावातली शाखा बंद झाली. एवढी रोकड घरात ठेवायला तिचा जीव धजेना. कोपऱ्यावरच्या घरात नुकतीच चोरी झाली होती. मग तिने विचार केला, आपलं नवं खातं आहे की, कोरं करकरीत, देण्याचा डाग नसलेलं. आणि गल्लीचा नाताळ तिने त्यात नेऊन भरला. पुढे दर सोमवारी त्यात भर घालत गेली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी दिवाळं मंजूर झालं. बुधवारी ती बाजारात चीजच्या गाड्यावर उभी होती. कार्ड लावलं, यंत्राने नकार दिला. पुन्हा लावलं, पुन्हा नकार. मागे रांगेत नेमकी ग्लेनिस. गाडेवाल्याने चीज हळूच परत ठेवलं आणि म्हणाला की यंत्रच हल्ली नाटकं करतंय. ग्लेनिस पैसे काढू लागली, पण थेल्मा ‘घरी आहे अजून’ म्हणून चालू लागली. घरी दूधसुद्धा नव्हतं.

दुपारी फोन आला. दिवाळखोरांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या सरकारी रिसीव्हरच्या कचेरीतून, लोमॅक्स नावाचे गृहस्थ. आवाज मऊ, पण प्रश्न नेमके. दिवाळं निघताच बँकेने चौकशीपुरतं खातं गोठवलं होतं, आणि त्यांच्यापुढे खात्याचा उतारा होता. भत्त्याचं कळलं, म्हणाले, ते आजच सोडायला सांगतो, भत्त्याला कुणी हात लावणार नाही. पण आत आणखी दोन हजार नऊशे बेचाळीस पौंड आहेत. अर्जात त्यांचा उल्लेख नाही.

"ते माझे नाहीत," थेल्मा म्हणाली.

"मिसेस पिलिंग, ते तुमच्या खात्यात आहेत."

"खातं माझं. पैसे गल्लीचे."

लोमॅक्सनी समजावून सांगितलं. दुसऱ्याचे पैसे तुम्ही नुसते सांभाळत असाल तर कायदा ते तुमचे धरत नाही, ते देणेकऱ्यांना जात नाहीत. पण ते शाबीत करावं लागतं. नाहीतर ते तुमचे धरले जातील, आणि वर तुम्ही दोनदा विचारूनही लपवले असं होईल. वही आहे? असेल. पण वही तुमच्याच हातची. पैसे देणाऱ्यांकडे काही आहे का? सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवा.

थेल्माने फोन ठेवला. वाटप दीड आठवड्यावर आलं होतं. कार्डं एकोणीस घरांत होती. ती मागायची म्हणजे एकोणीस दारांवर उभं राहून सांगायला हवं होतं, की माझं दिवाळं निघालंय आणि तुमचा नाताळ माझ्या दिवाळ्यात अडकलाय. गल्लीत हे क्लिफखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री क्लिफ म्हणाला की आपण आपल्या अंत्यसंस्काराच्या विम्यातून काढून लोकांचे पैसे भरू, कुणाला कळायचं नाही. थेल्मा म्हणाली, मग वहीत काय लिहू?

शनिवारी दहाला ती नेहमीसारखी निघाली. लाल वही, दोन पेनं. फक्त यावेळी हात पुढे केला नाही. पहिल्या दारापासून शेवटपर्यंत तेच चार शब्द, आधी दिवाळं, मग खातं, मग कार्ड. कुणाच्या उंबऱ्यावर रडायचं नाही, असं तिने घरून ठरवून आणलं होतं.

पहिल्या घरातल्या म्हातारीने ऐकून घेतलं, आत गेली, कार्ड आणलं आणि सोबत दुधाची बाटली. चौथ्या घरातला मुदस्सर, गेल्याच वर्षी भिशीत आलेला टॅक्सीवाला, त्याने बायकोला हाक मारून कार्ड शोधायला लावलं आणि स्वतः थेल्माला सांगत बसला की त्याच्या मामाचंही दिवाळं निघालं होतं आणि आता त्याची तीन दुकानं आहेत. ग्लेनिसच्या कुत्र्याने कार्डाचा खालचा अर्धा भाग खाल्ला होता.

"वरचा अर्धा घे," ग्लेनिस म्हणाली. "साहेबांना सांग, बाकीचं हवं असेल तर कुत्र्याला पाठवते."

"तुला राग नाही आला?" थेल्माने विचारलं.

"आला ना. बाजारात मला सांगितलं असतंस तर त्याच दिवशी दिलं असतं. तीन दिवस वाया घालवलेस."

सगळेच काही गोड नव्हते. दोघांनी तोंडावर विचारलं की पैसे नक्की परत मिळणार का. एकाने कार्ड दिलं, पण तिच्याकडे न बघता. थेल्माने त्यांना दोष दिला नाही. नाताळ त्यांचा होता. अठरा दारं झाली. पिशवीत साडेसोळा कार्डं होती, आणि एका घराने कार्ड केव्हाच हरवलं होतं. राहिलं एकोणिसावं दार.

वॉल्टरने दार उघडलं. तिने सांगितलं. तो तिला दारातच उभी ठेवून आत गेला आणि इतका वेळ आला नाही की तिला वाटलं, निघावं. शेवटी आला तो दोन्ही हातांत कॅलेंडरांची चळत घेऊन. १९९७ पासून २०१८ पर्यंतची बावीस, कोपरे दुमडलेली, वर खाटकाच्या दुकानाचं नाव.

"कार्डावर तर तुझीच सही," वॉल्टर म्हणाला. "साहेब म्हणतील, बाईनेच सगळं रंगवलं. हे बघून नाही म्हणणार. दर आठवड्याची बेरीज आहे. दुसऱ्याच्या हातची. आणि साहेबांना सांग, ज्याने लिहिलीय त्याला तू चोर आहेस असं वाटत होतं."

"वाटत होतं?"

"बावीस वर्षं."

"आणि आता?"

"कोट घालतो. सोमवारपर्यंत थांबून काय करणार, लायब्ररी आज एकपर्यंत उघडी असते."

नसरीनने आधी थेल्माला झापलं, मग लायब्ररीच्या यंत्रावर नकला काढायला घेतल्या. या वर्षीचं कॅलेंडर एका बाजूला, लाल वही दुसऱ्या बाजूला. वॉल्टर तारीख वाचायचा आणि आकडा सांगायचा, थेल्मा वहीतला सांगायची. सहा जानेवारी, चौसष्ट. चौसष्ट. तेरा जानेवारी, साठ. साठ. जूनपर्यंत नसरीन लिहायचं थांबवून नुसती ऐकत बसली होती. ऑगस्टात वॉल्टरचा आवाज जरा चढला, जणू तोच परीक्षेला बसलाय. शेवटची बेरीज दोघांची एकच आली, दोन हजार नऊशे बेचाळीस. हरवलेलं कार्ड आणि कुत्र्याने खाल्लेलं अर्धं, दोन्हींची भरपाई झाली.

नसरीन बाकीची कॅलेंडरं परत बांधत होती, तेव्हा २००६ सालचं खाली पडून उघडलं. थेल्मा उचलायला वाकली. सप्टेंबरच्या त्या शनिवारी जुना आकडा खोडलेला होता, शेजारी एक पौंडाने कमी असा नवा आकडा, आणि खाली पेन्सिलीने, मुंगीच्या पावलासारख्या अक्षरांत: चूक माझी.

थेल्माने वॉल्टरकडे पाहिलं. वॉल्टर खिडकीबाहेर बस बघत होता. तिने कॅलेंडर मिटलं आणि गठ्ठ्यात मधोमध सरकवून दिलं, म्हणजे कुणाच्या हाती लागणार नाही.

गुरुवारी लोमॅक्सचा फोन आला. पैसे भिशीचे आहेत हे मान्य, म्हणाले, बँकेला सोडायला सांगितलंय. लपवल्याचा ठपका ठेवत नाही. पण पुन्हा असे पैसे आपल्या खात्यात ठेवू नका, वेगळं खातं काढा, दोन सह्यांचं, आणि तुमच्या नावावर नको. मग म्हणाले की वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ हिशेब पाहिले, मोठमोठ्या कंपन्यांचेसुद्धा, पण विरोधी पक्षाने तपासून ठेवलेला हिशेब पहिल्यांदाच पाहिला. आणि हो, ऑग्डेन साहेबांना सांगा, बाकीची एकवीस कॅलेंडरं पाठवायची गरज नव्हती. वॉल्टरने थेल्माला न सांगता तीही पोस्टाने धाडली होती.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी क्लबात वाटप झालं. थेल्माने केस करून घेतले होते, क्लिफला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. एकेकाचं नाव वाचलं, नोटा मोजून दिल्या, समोर सही घेतली. तिच्याकडे न बघता कार्ड देणाऱ्याने सही करताना हळूच तिचा हात दाबला. एकोणीस पाकिटं संपली, पेटीत एक पेनी उरली नाही. मग तिने लाल वही मिटून टेबलाच्या मधोमध ठेवली आणि घरून ठरवून आणलेलं बोलली, की वर्षभर मी कायद्याने दिवाळखोर आहे. लोकांच्या पैशांची वही अशा माणसाच्या हाती शोभत नाही. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी.

वही टेबलावर पडून राहिली. ग्लेनिसने कुत्र्याकडे बघितलं, मुदस्सरने चहाच्या कपात. क्लिफ खोकला दाबून बसला. कुणी हात पुढे करेना.

तेवढ्यात वॉल्टर उठला. सगळ्यांना वाटलं, आता हा घेणार, इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघत होता. त्याने टेबलाशी येऊन खिशातून पाचाची नोट काढली, वहीवर ठेवली आणि वही नोटेसकट थेल्मापुढे सरकवली.

"नव्या वर्षाचे," तो म्हणाला. "बँकेत सही माझी आणि ग्लेनिसची. वही तुझी."

"वॉल्टर, अजून डिसेंबर चालू आहे."

"मग डिसेंबर लिही. आणि नीट लिही, घरी जाऊन ताळा घेणार आहे."

मागून कुणीतरी विचारलंच, काय वॉल्टर, पौंड मिळाला का? थेल्माने मान वर करून त्या माणसाकडे असं पाहिलं की तो गप्प बसला. मग तिने खिशातून पेन काढलं. ते अडलं. तिने दुसरं काढलं, नवं पान उघडलं, मान ताठ करून तारीख टाकली आणि खाली लिहिलं: ऑग्डेन, पाच.